आत्या पियानो लावते

माझ्या आत्याइतके धक्के एका माणसाने दुसऱ्या माणसाला दिल्याचं उदाहरण अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सापडणार नाही. तिला स्वतःला मात्र त्यातल्या एकाचीही कल्पना नसायची. समोरच्याचं तोंड उघडं पडलं की ती शांतपणे विचारायची, "काहून रे, काय झालं?"

आत्या हिंगोलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉल बुक करून तीन-तीन तास वाट बघायचे दिवस होते, तेव्हा गावाचं सगळं सुखदुःख तिच्या कानावरून जायचं. कानावरून म्हणजे नुसतं कानावरून. लाईन जोडली की ती हेडफोन काढून ठेवायची. दुसऱ्याचं बोलणं ऐकणं तिच्या लेखी चोरी होती. पण जोडेपर्यंत जो एक 'हॅलो' ऐकू यायचा तेवढा तिला पुरे होता. सेनगावचा एक व्यापारी बायकोला फोन लावून मागत होता. त्याच्या 'हॅलो'वरून आत्याने ओळखलं, आणि लाईन जोडताना पलीकडे सांगून टाकलं, "बाई, यांना ताप भरून राहिलाय, ते सांगायचे न्हाईत. घरी बोलावून घ्या." तो माणूस पुढे आठ दिवस टायफॉइडने अंथरुणात होता.

तिच्या कानाला सुट्टी नसायची. आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळातली घंटा आतून चिरली आहे, असं तिने एका आरतीत, आरती चालू असतानाच जाहीर केलं. पुजारी महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. मग घंटा उतरवली तर केसाएवढी चीर निघाली, आणि त्यानंतर तर ते अजिबातच बोलेनासे झाले. तिच्या स्वतःच्या लग्नाची गोष्ट आमच्या घरात दबक्या आवाजात सांगतात. मुलगा बघायला आला, पोहे झाले, सगळ्यांना पसंत पडला. आत्याने सगळ्यांदेखत त्याला सांगितलं, "तुमी श्वास घेताना नाकात शिट्टी वाजते. तुमचा त्यात दोष न्हाई, पण मला जन्मभर झोप यायची न्हाई." तिचं लग्न झालं नाही. तिला त्याचं दुःख झाल्याचं कुणी पाहिलं नाही.

दुःख झालं ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, एक्स्चेंज आपोआप चालणारं झालं तेव्हा. हेडफोन गेला, प्लगांचा बोर्ड गेला, आणि आत्याला तक्रारी लिहून घ्यायच्या खिडकीत बसवलं. काही वर्षं तिने ते केलं, मग मुदतीआधीच नोकरी सोडून घरी बसली. दिवसभर खिडकीशी बसून रस्त्यावरच्या जीपगाड्यांचे आवाज ऐकायची. "ही कनेरगाव नाक्याहून आली," म्हणायची, "तिचा पाटा ढिला हाय." आम्हाला तिची काळजी वाटायला लागली होती.

मी तेव्हा गावातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला नुकताच लागलो होतो, अजून कायमसुद्धा झालो नव्हतो. शाळेच्या जुन्या हॉलमध्ये एक काळा पियानो होता. तो पलटणीच्या कुणा साहेबाने सोडून दिला असं काही म्हणायचे, काहींच्या मते तो एका मडमेचा होता. मला एवढंच माहीत होतं की त्याच्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवतात. एकदा मी डबा विसरलो म्हणून आत्या तो घेऊन आली, आणि नेमका त्याच वेळी शिपायाच्या हातून एक गठ्ठा पियानोच्या पट्ट्यांवर पडला. जो आवाज झाला त्याने मी कान झाकले. आत्या डबा हातात धरून तशीच उभी राहिली.

"ह्याच्या सगळ्या लायनी क्रॉस झाल्यात," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी सांगितलं की हॉलमध्ये संगणक येणार, हे काळं धूड भंगारात जाणार. मी घरी सहज बोललो. दुसऱ्या दिवशी शाळेत जातो तर आत्या मुख्याध्यापकांसमोर खुर्चीत बसलेली.

"सर, दिवाळीच्या सुट्टीत मी हे लावून देते."

"तुम्हाला पियानो लावता येतो?"

"न्हाई. पण लोक चार तारांचा तंबोरा लावतातच की. ह्याला तारा जास्त हायत, इतकंच."

"आणि काही मोडलं तर जबाबदार कोण?"

आत्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मी काही बोलायच्या आत सरांनी होकाराची मान हलवली होती.

सुट्टी लागली, आत्याने पियानोची पुढची फळी काढली आणि मला घाम फुटला. आत दोनशेच्या वर तारा. एकेका सुराला तीन-तीन तारा आणि प्रत्येक तार एका चौकोनी लोखंडी खुंटीला गुंडाळलेली. त्या खुंट्या फिरवायला पाना हवा होता. आत्याने कणकेचा गोळा खुंटीवर दाबून माप घेतलं आणि लेथवाल्या चाचांकडे गेली. चाचांनी कणकेकडे बघून विचारलं, "ताई, ये क्या चीज है?" पण पाना मात्र असा बनवून दिला की खुंटीवर बांगडीसारखा बसला.

मग तिने घोंगडीच्या पट्ट्या कापल्या. तीन तारांपैकी दोन पट्टीने दाबायच्या, एक लावायची, मग दुसरी मोकळी करून पहिलीशी जुळवायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. "दोन तारा जवळ आल्या पण जुळल्या न्हाईत ना, की आवाज हेलकावे खातो," ती मला समजावायची. "हळूच फिरव. हेलकावा लांबतो, आजून लांबतो, मग थांबतो. थांबला की बराबर." मी कान देऊन ऐकायचो. मी ध्वनीचा धडा शिकवणारा माणूस, आणि मला काहीही ऐकू यायचं नाही.

पण पहिला सूर कशावरून घ्यायचा? आत्याने तो टेलिफोनच्या डायल टोनवरून घेतला. तिच्या मते जगात तेवढा एकच आवाज कधी बदलत नाही. त्या उंचीला सगळा पियानो ताणायला तिने सुरुवात केली, आणि तिसऱ्या दिवशी एक तार बंदुकीच्या बारासारखी तुटली. शिपाई पळत मैदानात गेला. आत्याच्या गालावर लांब ओरखडा उठला होता, रक्त येत होतं. मी तिला खाली बसवलं, तर ती म्हणाली, "तुटताना सुद्धा सुरात तुटली बघ."

खरा धक्का नंतरचा होता, आणि तो तिलाच बसला. एका सुरावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, असे बारा सूर तिने हेलकावा पूर्ण थांबेपर्यंत जुळवले. फेरा पूर्ण करून पहिल्या सुराशी परत आली, तर तो जुळेना. तिने सगळं उतरवलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. पाच वेळा केलं. सहाव्या दिवशी ती हॉलमध्ये गेलीच नाही, जेवली नाही. "माझा कान गेला," एवढंच म्हणाली. तिचा चेहरा मला बघवेना. सुट्टी संपायला नऊ दिवस राहिले होते आणि पियानोची आतडी बाहेर होती, पण त्या दिवशी मला माझ्या नोकरीचा विचारसुद्धा आला नाही.

शेवटी तिने तिच्या पद्धतीने मार्ग काढला. मुंबईच्या एक्स्चेंजमधली एक निवृत्त ऑपरेटर तिची मैत्रीण होती. दोघींनी पंचवीस वर्षं रोज एकमेकींचा आवाज ऐकला होता, तोंड कधी पाहिलं नव्हतं. त्या बाईंनी पियानो लावणारा एक म्हातारा कारागीर शोधून दिला. पण फोन मुख्याध्यापकांच्या खोलीत, पियानो हॉलमध्ये. आत्याच्या हाताखालून गेलेला एक लाईनमन आला आणि त्याने तासाभरात वायर ओढून दिली. मुख्याध्यापक औंढ्याहून नागनाथाचं दर्शन घेऊन आले, तर टेबलावर फोन नाही. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी हॉलकडे गेलेली वायर दाखवली.

आत्याने म्हाताऱ्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "पहिला सूर कुठून घेतला?"

"डायल टोनवरून."

पलीकडे एवढी शांतता झाली की आत्याने सवयीने विचारलं, "हॅलो, लाईनवर आहात?"

"आहे, बाई. आधी सगळं खाली उतरवा, नाहीतर एकही तार राहणार नाही." त्यांनी त्यांच्या घरचा नादकाटा वाजवून रिसीव्हरला लावला आणि तिला खरा सूर दिला. मग ते म्हणाले, "तुमचा कान चांगला आहे. चांगला आहे म्हणूनच फसलात. बारा सूर एकमेकांशी पूर्ण जुळतच नाहीत. थोडी चूक उरतेच. ती एका जागी ढकलू नका, सगळ्यांना वाटून द्या. प्रत्येक जोडीत हेलकावा थोडा राहू द्या."

आत्याने रिसीव्हर ठेवला. "म्हणजे बराबर कोणीच न्हाई?" तिने मला विचारलं.

पुढचे आठ दिवस रोज सकाळी फोन. ती सूर वाजवायची, ते म्हणायचे, "अजून एक केस खाली." शाळा उघडायच्या आदल्या दुपारी पियानो लागला. तुटलेली तार नांदेडहून आणलेल्या तारेने बदलली होती. मुख्याध्यापक आले, सगळे शिक्षक जमले, कुणीतरी पेढे आणले. सर म्हणाले, "वाजवा, ताई."

"मला कुठं येतं?" आत्या म्हणाली. "मी लाईन जोडून दिली. बोलायचं ज्याचं त्यानं."

तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं की हिंगोलीत पियानो वाजवता येणारं कुणीच नाही. शेवटी भूगोलाच्या सरांनी, त्यांना पेटी यायची म्हणून, एका बोटाने शाळेची प्रार्थना वाजवली. दोनदा चुकले. पण तो आवाज हॉलच्या पत्र्यापर्यंत असा स्वच्छ गेला की कुणी हललं नाही. संगणक नंतर प्रयोगशाळेत बसवले.

संध्याकाळी आत्याने म्हाताऱ्यांना फोन लावून काम झाल्याचं सांगितलं. ते खूश झाले. म्हणाले, थांबा, आता मी तुम्हाला काहीतरी ऐकवतो. त्यांनी त्यांच्या पियानोवर एक लांब, संथ गत वाजवली. आत्याने रिसीव्हर कानाशी धरला आणि डोळे मिटले. ऐकू येण्यासाठी मीही जवळ सरकलो. गत संपली. आत्या जरा घुटमळली. मला वाटलं, आता कौतुक करेल.

"राग मानू नका," ती म्हणाली, "तुमच्या पियानोतली वरच्या बाजूची एक तार उतरलेली हाय."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण ते हसले नाहीत की चिडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "असेल. तिथलं मला दोन वर्षांपासून ऐकू येत नाही, बाई. कुणाला सांगितलेलं नाही."

आत्याने खुर्ची फोनजवळ ओढली. "पाना घ्या," ती म्हणाली. "वाजवा. थोडं वर. आजून. न्हाई, जास्त झालं, मागं या. आता एक केस. थांबा." मग तिने रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला. "झालं. हात काढा."

त्यानंतर वर्षातून दोनदा आत्या हिंगोलीत बसून मुंबईतला पियानो लावायची. तीन वर्षं हे चाललं. चौथ्या वर्षी तिने ठरलेल्या दिवशी फोन लावला. मी शेजारी होतो. पलीकडे घंटी वाजत राहिली, आपोआप बंद झाली. तिने पुन्हा लावला. दुपारी लावला, दुसऱ्या दिवशी लावला. घंटीच्या आवाजावरून रिकामं घर ओळखणारी बाई ती. पण रिसीव्हर जागेवर ठेवून, पदराने पुसून, ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "गावाला गेले असतील."