पारोसं मशीन

आज खंडेनवमी. ऑफिसात कुणीतरी माझ्या लॅपटॉपवर झेंडू ठेवला, आणि त्या वासाने अंबरनाथची आमची फॅक्टरी आठवली.

तिथल्या शेवटच्या खंडेनवमीला कंपनी बंद होणार हे सगळ्यांना कळलं होतं. तरी माझ्या जोडीला असलेले जाधवकाका आमचं मशीन रॉकेलने पुसत होते.

"काका, सोमवारपासून हे चालणारच नाही," मी म्हणालो.

"म्हणून काय पारोसं ठेवायचं?" त्यांनी दुसरं फडकं माझ्याकडे टाकलं.

दोघांनी मिळून पुसलं, हार घातला. तेवढा वेळ नोकरी जाणार हे मी विसरलो होतो, हे आत्ता लक्षात येतं. तेव्हा काहीच वाटलं नव्हतं.

आजही फारसं वाटत नाही. फूल उचललं, लॅपटॉप पुसला, मगच परत ठेवलं.