कागदावरचा शब्द

कमलनगरहून गावाकडं जाणाऱ्या जीपमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. साठीची, कपाळाला विभूती. खड्डा आला की हात छातीवर जायचा. मी मास्तर आहे हे कळल्यावर तिनं पिशवीतून दवाखान्याचा कागद काढला.

“सर, एवढं वाचा की. काळजाला झडप बसवलीय. पोराला इचारलं तर नुसतं चांगली हाय म्हणतंय.”

कागदावर ‘झेनोग्राफ्ट’ लिहिलं होतं, पुढं प्राण्याचं नाव. मी जीवशास्त्र शिकवतो. मला चेवच आला. झेनो म्हणजे परका, मूळ ग्रीक शब्द. ही झडप माणसाची नाही, डुकराची आहे, असं मी वर्गात सांगावं तसं सांगून टाकलं.

तिनं छातीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“आमच्या घरात अंडं बी येत न्हाई,” ती हळू म्हणाली. “म्हंजे पोराला ठाऊक व्हतं. म्हणूनच सांगितलं न्हाई त्यानं.”

तिचं गाव आलं. कागदाच्या घड्या घालत ती म्हणाली, “त्यानं इचारलं तर सांगते, कुणालाच वाचता आलं न्हाई.”

हे वाक्य तिच्याआधी मला सुचायला हवं होतं.