तीनशे मीटरचं घड्याळ आणि शिरोळचे साडू

शिरोळच्या साडूंवर मी जळतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला शहाणपण शिकवायला नको. नदीकाठचा ऊस, रापलेला रंग, सदऱ्याला शिंप्यानं जास्तीचं कापड मागावं असे खांदे, आणि पोहणं. कृष्णेला पाणी चढलं की हा माणूस घरात बसत नाही. होडी घेऊन जातो, गोठ्यातल्या म्हशी सोडवतो, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन येतो आणि कोपऱ्यावर जाऊन आल्यासारखा चहा मागतो. मी शहरात, राजारामपुरीत नळ आणि शॉवर विकतो. पाण्याशी माझा संबंध तेवढाच, तोही पाणी बंद करण्यापुरता. मला पोहता येत नाही.

पण नुसत्या पोहण्यावर कोण जळतंय? खरं दुखणं वेगळं आहे. त्यांचं स्थळ आधी माझ्या बायकोला आलं होतं. मुरगूडला सासऱ्यांच्या घरी कांदेपोहे झाले, माणसं पसंत म्हणाली, मग पत्रिकेत काहीतरी निघालं आणि बोलणं थांबलं. त्याच वर्षी मी बघायला गेलो, आमचं जमलं. पुढं त्याच घरानं धाकटीला मागणी घातली आणि तिची पत्रिका बरी जुळली! म्हणजे जो माझ्या बायकोचा नवरा व्हायचा तो माझा साडू होऊन बसला. लग्नाला पंचवीसच्या वर वर्षं झाली, मुलगी सासरी गेली, तरी माझ्या डोक्यातला किडा काही जात नाही. हिला मनातनं काय वाटत असेल? शिरोळला पडले असते तर बरं झालं असतं, असं वाटत असेल का? विचारायची छाती कधी झाली नाही. विचारलं आणि ती ‘व्हय’ म्हणाली तर?

मागच्या मोठ्या पुरात तर कहर झाला. लाईट गेलेली, पाऊस थांबायला तयार नाही, आणि ही फोन घेऊन बसलेली. बहिणीला सारखी एकच विचारणा. “पावणं आलं का गं परत? न्हाई अजून? मग कवा येणार?” ताट वाढून ठेवलं होतं, तिकडं बघितलंसुद्धा नाही. बहिणीचा नवरा पाण्यात गेलाय, काळजी वाटणारच, हे मलाही कळत होतं. पण कळून काय उपयोग? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी शेजारी बसून भाकरी मोडत होतो आणि मनात म्हणत होतो, मी दुकानातनं उशिरा आलो तर असं कधी कुणी विचारत नाही.

त्या पुरानंतरच मी ते घड्याळ घेतलं.

मला घड्याळांचा नाद जुना आहे. कपाटात मखमल लावलेली लाकडी पेटी आहे. तीत रोज चावी द्यायची जुनी घड्याळं आहेत, पातळ सोनेरी पट्ट्याची आहेत, आणि सासऱ्यांनी लग्नात हातात घातलेलंही आहे. साडूंनाही लग्नात तसंच घातलं होतं. त्यांनी ते नव्या नवलाईतच नदीत घालवलं, आणि सासरे काय म्हणाले? “पोहणाऱ्याचं जातंयच की!” आणि हसले. मी हरवलं असतं तर मला हसले असते का? मी तर ते पुसून पुसून नवं ठेवलंय, त्याचं कुणाला कौतुक नाही.

नवीन आलेलं घड्याळ मात्र या सगळ्यांचा बाप होतं. समुद्राच्या तळाला काम करणारे पाणबुडे वापरतात ते. तीनशे मीटर खोल नेलं तरी पाण्याचा थेंब आत जात नाही. रबरी पट्टा, अंधारात हिरवे चमकणारे काटे, आटे पाडलेली चावी. पाण्याखाली किती वेळ झाला ते कळावं म्हणून तबकडीभोवती फिरणारी कड, ती फिरवली की कट कट कट असा गोड आवाज. एका बाजूला आतला वायू सोडायची बारकी झडपसुद्धा. झडप बघून तर मी गारच झालो. आयुष्यभर झडपा विकल्या, पण अशी हातात बांधायची कधी बघितली नव्हती. त्या फिरत्या कडेवरनं बोट फिरवताना माझ्या मनात काय आलं ते सांगतो. लाज वाटते, तरी सांगतो. मनात आलं, पोहू देत त्यांना कृष्णा. पाण्यातलं सगळ्यात भारी घड्याळ माझ्याकडं हाय.

बायकोनं ते माझ्या हातात बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “अवं, हे मनगटाला बांधायचं का भिंतीला? नाकापरीस मोती जड!” माझं मनगट बारीक आहे, ते मलाही माहीत आहे. पट्टा शेवटच्या भोकात घालूनही घड्याळ कोपराकडं घसरायचं. मी म्हणालो, तुला यातलं काय कळतंय? ती म्हणाली, “बरं बाबा, न्हाई कळत,” आणि दळण आणायला गेली. आणि एक सांगून ठेवतो. हात धुताना मी ते काढून ठेवत होतो. आंघोळीला तर कपाटातच. एवढं मोलाचं घड्याळ उगाच ओलं कशाला करायचं?

यंदा अधिक महिना उन्हाळ्यात आला. आमच्याकडं अधिक महिन्यात जावयांना धोंडे जेवायला बोलावतात, पुरण भरलेले धोंडे. मुरगूडला सासऱ्यांच्या मळ्यातल्या घरी बोलावणं आलं. दोन्ही जावई एकाच दिवशी! म्हणजे एकाच पंगतीला, पाटाला पाट लावून, मी आणि ते. मी मुद्दाम अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला.

सासूबाई, त्यांना मी मामी म्हणतो, ओवाळायला आल्या. आधी मला, थोरल्या लेकीचा नवरा म्हणून. कपाळाला कुंकू लावलं आणि त्यांची नजर मनगटावर गेली. “नवं हाय व्हय?” मी हुरूपानं हात पुढं केला. म्हटलं, साडूंनी बघितलं तर बरं. आणि मामींनी आपल्या इकडची रीत केली. नवी गाडी असू दे, ट्रॅक्टर असू दे, नाहीतर मिक्सर, नव्या वस्तूला पहिलं कुंकू! ओल्या कुंकवाचं बोट त्यांनी घड्याळाच्या कडेवरनं गोल फिरवलं, वर हळद दाबली आणि चार अक्षता टाकल्या. मी हात मागं घेईपर्यंत सगळं उरकलं होतं. सासूबाईंना काय बोलणार?

जेवताना साडूंनीच विषय काढला. “पावणं, घड्याळ नाद खुळा हाय की! काय काय करतंय?” मला तेवढंच पाहिजे होतं. तीनशे मीटर सांगितले, झडप सांगितली. मग म्हटलं, ही कड बघा, कशी फिरते. आणि फिरवायला गेलो तर कड हलेना. कुंकू, हळद आणि एक अक्षता खाचेत बसून घट्ट झालेली. मी जोर लावला, नखानं खरवडलं, कपाळावर घाम आला. सगळी पंगत बघतेय. साडू गालातल्या गालात हसत म्हणाले, “पाण्याचंच हाय न्हवं? बुडवा की हिरीत. मऊ हून निघंल.”

सल्ला सरळ होता, चांगल्या मनानं दिलेला होता. म्हणूनच तळपायाची आग मस्तकाला गेली.

उन्हं उतरल्यावर सगळे विहिरीवर गेलो. मळ्यातली जुनी विहीर, एका बाजूनं खालपर्यंत दगडी पायऱ्या, पाणी हिरवंगार. साडूंनी सदरा काढला आणि काठावरनं असा सूर मारला की पाणी उडालंसुद्धा नाही. मेहुणीनं टाळ्या वाजवल्या. मी पायरीवर बसलो, घड्याळाचा हात मांडीखाली लपवून. मनात म्हटलं, आता ही पण टाळ्या वाजवणार. हिच्या तोंडाकडं बघायलाच नको. म्हणून मी पायऱ्या बघत बसलो.

तेवढ्यात डोक्यावरनं काहीतरी गेलं. धबाल्! पाण्याचा मोठा लोट माझ्या अंगावर आला. बहिणीचा जुना पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेला कसून, माझ्या बायकोनं काठावरनं मुटका मारला होता.

ती वर येईना. मी ओरडायला तोंड उघडलं आणि ती विहिरीच्या पलीकडच्या कडेला वर आली, केस मागं टाकले आणि खदखदून हसली. मग हात मारत निघाली. काय सांगू? पाण्यात ती कुणी वेगळीच बाई होती. उताणी पडून तरंगली, बुडी मारून साडूंचा पाय ओढला, बहिणीला हाक मारली. असं हसताना मी तिला आमच्या घरात कधी बघितलं नव्हतं. साडूंवर जळता जळता मी आता त्या पाण्यावर जळायला लागलो. विहिरीवर जळणारा माणूस बघितलाय का कुणी? मी होतो.

“उतरा की!” ती पाण्यातनं मला म्हणाली. “ह्या पायरीला कंबरंएवढंच हाय.”

आणि माझ्या तोंडातनं काय निघावं? “अगं, हातात घड्याळ हाय. भिजंल की!”

मग साडू जे हसायला लागले, त्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं. मेहुणी काठावर बसून डोळे पुसायला लागली. एकटी माझी बायको हसली नाही. ती पोहत पायऱ्यांकडं आली, वर चढली आणि माझ्या खालच्या पायरीवर बसून केस पिळायला लागली. साडू अंग पुसायला वर काठावर गेले. पायऱ्यांवर आम्ही दोघंच. माझं हसू झालेलंच होतं, म्हटलं आता काय राहिलंय? विचारून टाकलं.

“तुला शिरोळला दिली असती तर बरं झालं असतं, व्हय गं?”

तिनं केस पिळायचे थांबवले. माझ्याकडं नीट बघितलं. “तिथं रोज पोहायला मिळालं असतं,” ती म्हणाली. “खोटं कशाला बोलू?”

झालं. इतकी वर्षं ज्याला भीत होतो ते कानांनी ऐकलं. मी उठायला लागलो, तर तिनं माझा हात धरून खाली बसवलं.

“कुठं निघालाय? पाण्याचं बोलणं चाललंय. नवऱ्याचं कोण बोललं?” मग हळू आवाजात, “राजारामपुरीत मला कोण इचारतंय, पोहतीस का म्हणून? तुमी कवा इचारलं?”

कधीच नव्हतं विचारलं.

वरनं साडूंची हाक आली. “या पावणं, मी शिकवतो! लेकरागत शिकवतो, भ्यायचं न्हाई!” माणूस मनानं चांगला आहे हो, तेच तर दुखतं.

“तुमच्याकडनं न्हाई शिकायचं,” मी त्यांना तोंडावर सांगितलं. घड्याळ काढलं, काठाजवळ जाऊन त्यांच्या हातात दिलं आणि म्हणालो, “हे धरा. ही शिकवंल मला.”

बायकोनं तेलाचा एक रिकामा डबा शोधून आणला, दोरीनं माझ्या पाठीला बांधला आणि मला पाण्यात ओढलं. पाणी थंडगार, पाय तळाला लागेनात, मी तिच्या गळ्याला मिठी मारली. “गळा सोडा, मला बुडवताय काय! आडवं व्हा. पाय मारा.” मी आडवा झालो. पाय मारले. नाकात पाणी, कानात पाणी, पाठीवर डबा डुगडुगतोय. साडू काठावर उभे राहून पोट धरून हसत होते. हसू देत. तिचा हात माझ्या पोटाखाली होता, त्यांच्या नव्हे.