कोपराएवढी जागा

गल्लीत तिला नावाने कोणी हाक मारत नाही. सगळ्यांची ती भिंगबाई. शाळांचं मूल्यमापन करायची नोकरी, आणि ती नोकरी संध्याकाळी खुंटीला टांगून ठेवणं काही तिला जमत नाही. शेजारणीने नवे पडदे लावले की ही रस्त्यावरूनच म्हणणार, "रंग बरा. शिवण समाधानकारक." नवरा तर चारचौघांत सांगतो, "अहो, आमच्या लग्नालासुद्धा 'प्रगती आहे, सुधारणेला वाव' असाच शेरा मिळालाय!" तीही हसते.

पण घरातली एकही खोली ती बंद ठेवू देत नाही, अडगळीचीसुद्धा. "माहेरी दारं नव्हती वाटतं तुझ्या," असा टोमणा सासूबाईंनी एकदा मारून पाहिला. सून गप्प राहिली. जिच्या तोंडाला एरवी कुलूप नाही ती गप्प राहिली, म्हणून सासूबाई त्या वाटेला पुन्हा गेल्या नाहीत.

तर त्या वर्षी भिंगबाईच्या वाट्याला आली शहरातली सगळ्यात मोठी प्राथमिक शाळा. मुलं मावेनात म्हणून जिन्याखाली वर्ग, व्हरांड्यात वर्ग. कुठून कुठून आलेली कुटुंबं, घरोघरी वेगळी भाषा. मागच्या खेपेला शाळेचा दर्जा घसरला होता. या खेपेलाही घसरला तर शाळा मोडून मुलं चार ठिकाणी वाटायची, असं वरून ठरलेलं. ज्या हेडबाईंनी ही शाळा चार खोल्यांवरून इथवर आणली, त्या दारातच उभ्या होत्या, इस्त्रीची साडी आणि जागरणाचे डोळे घेऊन.

"आज हजेरी थोडी कमी आहे, मॅडम. तापाची साथ आहे."

पहिल्या वर्गात सगळं कसं नीटनेटकं. विचारण्याआधी उत्तर, बोलावण्याआधी हात वर. भिंगबाई नेहमीसारखी शेवटच्या बाकावर जाऊन बसली आणि तिथून तिला पाठमोरी मुलं दिसली. प्रत्येक बाकावर मुलं एका कडेला चेपून बसलेली, कोपरं पोटाशी घेऊन लिहिणारी. शेजारी मोकळी जागा. ऐसपैस बसायला कोणाची मनाई? तरी सगळी अंग चोरून.

"इथे कोण बसतं रे?" तिने शेजारच्या पोराला विचारलं.

त्याने फळ्याजवळच्या बाईंकडे पाहिलं. "कोणी नाही."

एवढं म्हणून त्याने कोपर आणखी आत घेतलं, जणू त्या कोणी-नाहीला धक्का लागला असता.

दुसऱ्या वर्गात तेच. तिसऱ्यात तेच. वर्ग भरलेले होते, आणि तरी त्यात न दिसणारी मुलं बसली होती. त्यांची दप्तरं हलवली होती, बाटल्या हलवल्या होत्या, पण कोपरांना सूचना द्यायचं कोणाला सुचलं नव्हतं.

तेवढ्यात डोक्यावर काहीतरी सरकलं. हलकेच. मग दाबलेला खोकला.

"कबुतरं, मॅडम," हेडबाई घाईने म्हणाल्या. "गच्चीवर फार झालीत."

भिंगबाईला ती कबुतरं ओळखीची होती. लहानपणी, घरची भाषा सोडून दुसरी येत नव्हती तेव्हा, तपासणीला साहेब यायच्या दिवशी तिलाही नकाशांच्या खोलीत बसवलं होतं. बाहेरून कडी. साहेब गेले, शाळा सुटली, आणि कडी काढायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. अंधार पडल्यावर आई शोधत आली. नवऱ्यालाही तिने हे कधी सांगितलेलं नाही.

ती जिना चढू लागली.

"मॅडम, वर दुरुस्ती चाललीय! मॅडम, अहो ऐका तरी!"

वरच्या हॉलमध्ये मुलं जमिनीवर रांगेत बसली होती. नव्याने आलेली, भाषा न कळणारी. प्रत्येकाचं बोट ओठांवर. कोपऱ्यातला शिपाई तिला बघून उभा राहिला, आणि नकळत त्याचंही बोट ओठांवर गेलं.

हेडबाई धापा टाकत दारात टेकल्या. "यांना उत्तरं येत नाहीत हो अजून. यांच्यामुळे दर्जा गेला, तर आधी यांचीच शाळा जाईल. यांना वाचवायलाच लपवलं मी."

"खालच्या पोरांनी यांची जागा सोडून ठेवलीय," भिंगबाई म्हणाली. "ते तुम्हीच शिकवलंत ना? इतकी वर्षं शाळा बघतेय, एवढं चांगलं कुठे पाहिलं नाही. आणि नेमकं तेच आज माझ्यापासून लपवलंत."

"मग तसंच लिहा ना!"

"लिहीन. आणि हेही लिहीन."

हेडबाई पायरीवर बसल्या. आवाज न करता रडायची सवय बाईमाणसाला कधी लागते कोण जाणे, त्यांना होती.

शिपायाने मुलांना खाली नेलं. वर्गावर्गांतून बाक करकरले, कोपरांना कोपरं भिडली, गलका उठला. वर एकच मुलगी राहिली. बोट ओठांवर. भिंगबाईने येत होत्या त्या सगळ्या भाषांत सांगून पाहिलं, खुणा केल्या, स्वतःचं बोट ओठांवर ठेवून काढून दाखवलं. मुलगी बघत राहिली. जिची आज्ञा होती तिनेच सोडवायला हवं, म्हणून हेडबाई पुढे आल्या, तर मुलीने बोट आणखी घट्ट दाबलं. शेवटी शिपायाने तिला तशीच कडेवर उचलून नेलं.

भिंगबाईने दोन्ही गोष्टी लिहिल्या. वरच्यांनी दुसरीच वाचली. शाळा मोडली, मुलं चार ठिकाणी गेली.

त्या चारही शाळांत ती जाऊन आली, काम काढून आणि काम नसतानाही. शिक्षक विचारतात, "कोणाला शोधताय, बाई? नाव सांगा, लगेच बोलावतो."

नाव तिने विचारलंच नव्हतं. विचारलं असतं, तरी सांगायला मुलीला बोट काढावं लागलं असतं. मग भिंगबाई एकेका वर्गात शेवटच्या बाकावर बसते आणि पाठमोऱ्या मुलांतलं कोणी वळायची वाट बघते.