हनोईत पडलेला पेला

गुरुपादप्पाकाका कुठंही आडवे झाले की आधी उशाशी तांब्या पालथा ठेवतात. त्यावर पेला, तोही पालथा. जमीन हलली की पेला पडतो, आवाज होतो, माणूस बाहेर पळतो. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर किल्लारीच्या बाजूला घरोघर असंच चालायचं. पुढं लोकांनी सोडलं. काकांनी सोडलं नाही. त्यांचा थोरला भाऊ त्या पहाटे झोपेतच दगडमातीखाली गेला होता.

नंतर ते लातूरला आले. क्लासेस वाढत होते, गावोगावची पोरं येत होती. काकांनी मेस टाकली. शेजारी पाच-पाच मजली होस्टेलं उठली. काकांची मेस पत्र्याखालीच राहिली. तिथं जेवूनच मी मराठीत एम. ए. केलं. "सगळे डाक्टर व्हायला येतात," काका म्हणायचे, "हे एकटं गोष्टी वाचायला आलंय."

मेसमधली देगलूरची हुमा खरंच डॉक्टर झाली. यंदा मे महिन्यात तिनं काका-काकूंना व्हिएतनामची सहल दिली. नीलम्माकाकू विमानात बसायला तयार होईनात. म्हणून मी गेलो.

सकाळी हनोईत पोचलो. आमची खोली सहाव्या मजल्यावर निघाली. काका खालूनच वर बघत राहिले. "हुमानं पाठवलंय," एवढंच म्हणाले आणि जिना चढले. प्रवासानं अंग आंबलं होतं. त्यांनी तांब्या-पेला मांडला आणि पडले. मी अंघोळीला गेलो.

बाहेर आलो तर पेला फरशीवर. दार उघडं. काका नाहीत.

ते रस्त्यावर सापडले. अनवाणी. आजूबाजूला लोक निवांत सूप पीत होते.

"ह्यांला कळलंच न्हाई," काका म्हणाले. "मी आता वर येत नसतो. उद्याचं विमान बघ."

मी चपला आणून दिल्या. मग आम्ही चालत सुटलो. लातूरचं ऊन कोरडं असतं. इथलं ओल्या फडक्यासारखं अंगाला चिकटत होतं. तळं आलं, लाल पूल आला, पुलापलीकडं देऊळ. मग चिंचोळ्या उंच घरांच्या गल्ल्या. काका फक्त भिंती बघत होते. तडे शोधत होते. दुचाक्यांचा लोंढा दोन्हीकडून वाहत होता, तरी ते रस्त्याच्या मधूनच चालायचे.

"काका, इथं फारसे भूकंप होत नाहीत."

"आमच्याकडं बी होत नव्हते."



दुपारी तीनला पाय चालेनात. एका बोळात रुळांच्या कडेला कॉफीची दुकानं होती. भिंतीला टेकून बुटक्या स्टुलांवर बसलो. थोड्या वेळानं दुकानवाली बाई धावत आली. तिनं आम्हाला पाय आत घ्यायला लावले. गाडी आली, हातभर अंतरावरून. स्टूल थरथरलं. टेबलावरचा माझा ग्लास सरकत सरकत काठाशी गेला आणि खाली फुटला. गाडी निघून गेली. बाई हसत काचा गोळा करू लागली.

काका काचांकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली. रुळांपलीकडच्या छपरांवर आमच्या हॉटेलची हिरवी पाटी दिसत होती. फिरून फिरून आम्ही त्याच्याच मागं आलो होतो.

"मिहिर, सकाळी रेल्वे गेलती."

"हो, काका."

"जमीन न्हवती हलली."

"नव्हती."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले. मग काकूंना फोन लावायला सांगितला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"रेल्वेच बघायची होती तर उदगीर काय वाईट होतं?" त्या म्हणाल्या.

काका हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सहा वर्षांच्या ओळखीत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"चल वर," ते उठत म्हणाले. "घटकाभर पाठ टेकतो. मग हे गाव दाखव. सकाळधरनं मी नुसत्या भिंती बघत राहिलो."

सहाही मजले ते माझ्या पुढं चढले.