बापूंच्या जबड्यात कुणाचं हाड

सरांनी ग्लोव्हज चढवले होते, बापू खुर्चीत बसले होते, भूल अजून द्यायची होती. तेवढ्यात मी, त्यांच्या दातांच्या क्लिनिकातली ज्युनिअर डॉक्टर, विचारलं, "सर, ही हाडाची पावडर कशाची ते यांना सांगितलंय?"

सरांनी मला बाहेर पॅसेजमध्ये घेतलं.

बापू पन्हाळ्याच्या पायथ्याचे, दुधाचा धंदा. धार काढताना गाईनं लाथ घातली. वरचे पुढचे दात गेले, दात धरून ठेवणारं हाडपण फुटलं. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवायचा स्क्रू, त्यावर दात. पण भिंतच नसेल तर खुंटी ठोकणार कुठं? म्हणून आधी ग्राफ्ट. खड्ड्यात हाडाचे दाणे भरायचे, त्यांच्या आधारानं शरीर स्वतःचं हाड बांधतं. आमच्याकडचे दाणे गाईच्या हाडाचे. तापवून, धुऊन, मांस-चरबी काढून टाकलेले. माल एक नंबर.

क्लिनिकचा रिवाज असा, की जैन पेशंट आला तर दाणे कशाचे ते सांगायचं. बाकीच्यांना "बोन पावडर" म्हणायचं आणि कामाला लागायचं.

"अगं, तो माणूस मटणाचा पांढरा रस्सा वाट्यांवर वाट्या पितो," सर म्हणाले. "त्याला काय फरक पडतो?"

"मग सांगितल्यानं काय फरक पडतो?"

हे मी त्यांच्याच आवाजात म्हटलं, नाकातून, शेवटचा शब्द ओढत. स्टाफरूममध्ये खपतं ते पॅसेजमध्ये खपलं न्हाई. सर म्हणाले, सांगितलंस तर पेशंट उठून जाईल, आणि उद्यापासून तूपण येऊ नकोस.

मी आत गेले आणि सांगितलं.

बापू खुर्चीत उठून बसले. "डॉक्टरीणबाई, म्हंजे जिनं दात पाडलं, तिच्याच जातीचं हाड?"

"व्हय."

"मग न्हाय जमायचं. बोकड खातो म्हणून कायबी तोंडात भरून घीन व्हय? गोठ्यात पुजतो की तिला. लाथ घातली तरी पुजतो."

सर दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी सरळ सांगितलं, कारखान्यात बनवलेले दाणे मिळतात, पण एवढ्या खड्ड्याला नुसते ते पुरतील याची खात्री नाही. दुसरा रस्ता म्हणजे बापूंच्याच जबड्याच्या मागच्या कोपऱ्यातलं हाड काढून पुढं लावायचं. दोन जखमा, सूज दुप्पट.

"माझंच काढा," बापू म्हणाले. "घरचा माल हाय, कुणाला इचारायला नको."

सर माझ्याशी बोलत नव्हते, पण सर्जरी झकास केली. वरून झाकायला बापूंच्याच रक्तातून काढलेला चिकट पापुद्रा लावला. गाल असा सुजला, की डेअरीत रोजच्या माणसानं बापूंना "पावणं, गाव कुठलं?" म्हणून विचारलं. पण हाडानं हाड धरलं. काही महिन्यांनी स्क्रू बसवला, हलवून बघितला, हलला न्हाई.

नोकरीचं म्हणाल तर मी दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला हजर झाले. कुणी हाकललं न्हाई.

ग्राफ्टचा पुढचा पेशंट कागलचे एक गुरुजी, कांदा-लसूणसुद्धा न खाणारे. सरांनी स्वतः बाटली दाखवली, दाणे गाईचे म्हणून सांगितलं, आणि नकार येणारच म्हणून दुसरे पर्याय सांगायला घेतले. गुरुजींनी त्यांना थांबवलं. "हाड टिकणार असंल तर भरा की."

ताटात काय आहे त्यावरनं तोंडात काय चालेल ते कळत न्हाई. विचारायला लागतं.