सडाफटिंगाला आठ, बायकोवाल्याला बारा

वाचकहो, तुमचं लग्न झालंय का? रागावू नका. माणसाच्या वाट्याला काम किती, हे सुरतेत या प्रश्नावर ठरतं.

नंदुरबारहून सकाळच्या गाडीने निघालो. पिशवीत आठ तासांच्या कामाची मागणी करणारी आमच्या कामगार संघटनेची पत्रकं आणि वहिनीने दिलेला लाडवांचा डबा. वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची, भूषणची बायको. तिला नुकतीच मुलगी झाली. भूषणने ती अजून पाहिलेली नव्हती. सोमवारी बारशासाठी तो रजेवर येणार होता. वहिनीला तेवढाही धीर नव्हता.

सुरतेजवळच्या उधन्याला उतरून लोचो (वाफवलेल्या डाळीचा मऊ चुरा, वर तेल आणि शेव) खाल्ला. तेल पत्रकांवर सांडलं. मागणी तरीही वाचता येत होती.

भूषण भेस्तानच्या एका कारखान्यात यंत्रमाग चालवतो. आत शिरताच कानठळ्या बसल्या. तिथे सगळेच ओरडून बोलतात, म्हणून मीही ओरडलो, "भूषण! वहिनीने लाडू दिलेत! पोरगी थेट तुझ्यासारखी दिसते!"

शेजारच्या मागावरचा धुळ्याचा कारागीर खिदळला. "काय रे, तुनं लगीन कव्हय व्हयनं?" (तुझं लग्न कधी झालं?)

मास्टर (मागांवर देखरेख करणारा) जवळ आला. त्याने एक लाडू उचलला.

"शादीशुदा है? पहले बोलना था ना!"

लाडू संपेपर्यंत त्याने पलीकडचे चार माग भूषणकडे दिले होते आणि सोमवारची रजा रद्द केली होती. "अब बारह संभाल. अब तू कहाँ जाएगा?"

संध्याकाळी नवागामच्या आपल्या खोलीत भूषणने लाडवांचा डबा फळीवर ठेवला. मग म्हणाला, "दादा, हाई काय करं तू! (हे काय केलंस!) सडाफटिंगाला रजा नाकारली तर तो उद्या दुसऱ्या कारखान्यात जातो. म्हणून त्याला आठच माग, मागेल तेव्हा रजा. बायकोपोरांचा माणूस काम सोडत नाही. त्याच्यावर कितीही लादा. म्हणून तर लपवलं होतं."

पत्रकातला प्रश्न माझ्या तोंडून निघून गेला. "कामात समाधानी आहेस का?"

"सकाळपर्यंत होतो."

बारसं भूषणविना झालं. वहिनीने विचारलं, "लाडू आवडले का?"

"मास्टरला आवडले," मी म्हणालो.

तुमच्या हाताखाली कुणी राबत असेल, तर काम वाटताना त्याचं लग्न झालंय का, विचारू नका. विचारलंतच, तर उत्तर ऐकल्यावर आधी त्याला घरी जाऊ द्या.